हातीपायी धड राहण्यासाठी : साठी ओलांडलेल्या पुरुषांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मराठवाड्यातील कोणत्याही गावात पारावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना देवाकडे काय मागणे आहे असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर सारखेच येते : हातीपायी धड असताना डोळे मिटावेत, आपले कोणाला अंथरुणात करावे लागू नये. ही इच्छा रास्त आहे; मात्र तिच्यासाठी लागणारी तयारी फार थोडे जण करतात. पुरुषांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण पत्नी आहे तोवर ताट समोर येते, मुलगा जवळ आहे तोवर दवाखाना होतो आणि यांतील एक आधार निसटला की चांगला चालताबोलता माणूस वर्षभरात परावलंबी होऊन बसतो. शरीराचे बळ, घराची रचना, औषधांचा हिशेब, स्वतःपुरता स्वयंपाक आणि स्वतःच्या नावावरचे कागद या गोष्टी एकत्र सांभाळल्या तरच स्वावलंबन टिकते. त्या कोणत्या क्रमाने हाती घ्याव्यात, हे येथे मांडले आहे.

आधी स्वतःचे मोजमाप घ्यावे

आपण किती धड आहोत याचा अंदाज बहुतेक जण मनानेच बांधतात, आणि तो सहसा चुकतो. त्यासाठी घरच्या घरी करता येणाऱ्या तीन सोप्या चाचण्या आहेत. त्या करताना शेजारी कोणीतरी उभे असावे.

पहिली चाचणी खुर्चीची. हात नसलेली, साधारण गुडघ्याइतक्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, दोन्ही हात छातीवर घडी घालून बसावे आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला 14 पेक्षा कमी, पासष्ट ते चौऱ्याहत्तर वयात 12 पेक्षा कमी, पंच्याहत्तर ते एकोणऐंशी वयात 11 पेक्षा कमी आणि ऐंशी ते चौऱ्याऐंशी वयात 10 पेक्षा कमी वेळा उठता येत असेल, तर मांड्यांचे बळ घटले आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे असे समजावे. दुसऱ्या चाचणीत खुर्चीवरून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर जावे, वळून परत यावे आणि बसावे. यास 12 सेकंद किंवा अधिक लागत असतील तर सावध व्हावे. तिसऱ्या चाचणीत एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून आधाराविना उभे राहावे, आणि दहा सेकंद टिकता आले नाही तर तोल सुधारण्याचे व्यायाम लगेच सुरू करावेत. आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावेत.

पायांचे बळ

“आम्हाला व्यायाम कशाला, शेतात रोज फेऱ्या होतातच की,” हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. चालणे उत्तमच आहे आणि ते सोडू नये. पण सपाट वाटेवर चालल्याने मांडीचे स्नायू जेवढे लागतात तेवढे मजबूत होत नाहीत, आणि खाटेवरून, शौचालयातून किंवा एसटीच्या पायरीवरून उठण्या-चढण्यासाठी नेमके तेच स्नायू कामी येतात. जागतिक आरोग्य संघटनेची पासष्टीपुढील व्यक्तींसाठी शिफारस अशी आहे की आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम गतीची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव असावा.

सुरुवात खुर्चीवरून उठबस करण्यापासून करावी. पहिले दोन आठवडे हातांचा आधार घेऊन आठ-दहा वेळा उठावे व बसावे, थोडा दम खाऊन तेवढेच पुन्हा करावे. खाली बसताना धपकन न बसता सावकाश बसावे, कारण बळ त्या सावकाश उतरण्यातच वाढते. पुढे हातांचा आधार कमी करत न्यावा. त्याच्या जोडीला भिंत धरून टाचा उचलणे दहा-पंधरा वेळा, आणि भिंतीलगत टाचेला अंगठा लावत दहा पावले चालणे, एवढे पुरेसे आहे. हातांसाठी पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या वापरता येतात. छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तेथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी सुरुवातच डॉक्टरांना विचारून करावी.

जमिनीवरून उठण्याचा सरावही करून ठेवावा, कारण पडल्यानंतर उठता न आल्यामुळे माणूस तासन् तास तसाच पडून राहतो आणि ते पडून राहणे कधी कधी मूळ दुखापतीपेक्षा घातक ठरते. पडल्यावर प्रथम क्षणभर स्वस्थ राहून कोठे लागले आहे ते पाहावे. कंबर किंवा मांडी असह्य दुखत असेल, पाय हलत नसेल, तर उठण्याची धडपड न करता हाक मारावी. तसे नसेल तर कुशीवर वळावे, हातांच्या आधाराने गुडघ्यांवर यावे, रांगत खाटेपर्यंत किंवा खुर्चीपर्यंत जावे, दोन्ही हात तिच्यावर ठेवून बळकट पाय पुढे टेकवावा आणि मग जोर देऊन आधी बसते व्हावे. बटणांचा साधा मोबाईल घरातही बंडीच्या खिशात ठेवण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडते.

ताटात काय असावे

वय वाढते तसे शरीर प्रथिनांचा वापर पूर्वीइतका चांगला करत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाला तरुणाइतकी, किंबहुना थोडी जास्तच प्रथिने लागतात. दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला 60 ते 70 ग्रॅम, असे सर्वसाधारण मोजमाप वृद्धांच्या आहाराचे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. आपल्याकडे प्रत्यक्षात होते असे की दात गेले, भूक मंदावली आणि ताटात राहिली ती चुरलेली भाकरी, पातळ वरणाचे पाणी आणि दिवसभरात चार-पाच कप चहा.

हिशेब करून पाहावा. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, घट्ट वरणाच्या एका वाटीतून तेवढीच, एका पेलाभर दुधातून किंवा दह्यातून तेवढीच आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात ग्रॅमच्या आसपास. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम. म्हणजे तीन भाकरी, दोन वेळचे घट्ट वरण किंवा पिठले, सकाळी दूध, दुपारी दही, मूठभर शेंगदाण्यांचे कूट आणि वाटीभर शिजवलेली मटकी एवढे पोटात गेले तर माळकरी माणसाचीही गरज बरीचशी भागते. दात नसतील तर शेंगदाणे कुटून, मटकी मऊ शिजवून आणि भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी प्रसिद्ध आहे, पण पिकवणाऱ्याच्या घरात सोयाबीन क्वचितच शिजते. ते भाजून दळलेले पीठ ज्वारीच्या पिठात थोडे मिसळावे. कच्चे सोयाबीन पचत नाही, भाजलेले किंवा नीट उकडलेलेच वापरावे.

येथे घरातील मंडळींनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोठ्यात म्हैस असूनही सगळे दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जाते आणि आजोबांच्या वाट्याला चहापुरतेच उरते, अशी घरे पुष्कळ आहेत. पेलाभर दूध आधी बाजूला काढावे आणि मग किटली भरावी.

दूध-दही कमी आणि मांसाहार नाही, अशा आहारात ब-12 जीवनसत्त्व हमखास कमी पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्येही ते घटते. पायांना मुंग्या येणे, तळपाय बधिर होणे, अंधारात तोल जाणे, विसरभोळेपणा या तक्रारी केवळ वयाच्या मानून सोडून देऊ नयेत. ब-12ची रक्ततपासणी करावी, कारण ही कमतरता वेळीच कळली तर औषधाने भरून निघते आणि उशीर झाला तर नसांची हानी कायमची राहू शकते.

एप्रिल-मे सांभाळणे

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि कित्येक दिवस खाली येत नाही. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते, घाम कमी सुटतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी घटते. म्हणून तहानेची वाट न पाहता तासा-दीड तासाने भांडेभर पाणी प्यावे आणि लघवीचा रंग फिकट राहतो आहे ना, हे पाहावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते. त्यांनी उन्हाळ्यापुरते प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्यावे. ताक उत्तम, मात्र रक्तदाब असलेल्यांनी त्यात मीठ घालू नये.

जुन्या माळवदाच्या घरात दुपार सुसह्य असते. नवे बांधकाम झाले की म्हाताऱ्याची खाट बहुधा पत्र्याच्या खोलीत जाते, आणि दुपारी बारा ते पाच ती खोली माणूस राहण्याजोगी नसते. दुपारपुरती तरी खाट स्लॅबच्या किंवा माळवदाच्या खोलीत हलवावी. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, झोकांड्या जाऊ लागल्या तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

रात्रीची उठबस

पडण्याचे बरेच प्रसंग रात्री, लघवीसाठी उठताना घडतात. त्याची साखळी अशी असते : प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे रात्री दोन-तीनदा जाग येते, घाईने उठताना रक्तदाब एकदम उतरतो, ओसरीवर अंधार असतो, मध्ये उंबरा असतो आणि न्हाणीतली शहाबादी फरशी ओली असते. या साखळीची प्रत्येक कडी वेगळी तोडता येते.

उठण्याची पद्धत आधी बदलावी. जाग आली की कुशीवर वळून, पाय खाली सोडून खाटेच्या कडेवर बसावे. बसल्या बसल्या पावले दहा-बारा वेळा वरखाली हलवावीत, मिनिटभर थांबावे, मग भिंत किंवा खाटेचा खूर धरून उभे राहावे आणि डोळ्यांपुढची अंधारी गेल्यावरच पाऊल टाकावे. उभे राहताना नेहमीच गरगरत असेल तर दवाखान्यात आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून मागावा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर गोळ्यांचे प्रमाण तपासावे लागते. खाट फार खोल किंवा झोळ पडलेली असेल तर पट्टी आवळून घ्यावी. बसल्यावर गुडघे काटकोनात येतील इतकी तिची उंची असावी.

नंतर घराकडे वळावे. खाटेपासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर जळणारा कमी वॅटचा दिवा, उंबऱ्याच्या कडेला पांढरा रंग, न्हाणीत खरबरीत फरशी, आणि शौचालयात भिंतीला सिमेंटमध्ये पक्की बसवलेली लोखंडी नळी, ही कामे गावातला गवंडी एका दिवसात करून देतो. गुडघे वाकत नसतील तर उकिडवे बसण्याचा हट्ट सोडून कमोड किंवा कमोडची खुर्ची घ्यावी. सतरंजीची वळलेली कड, मोकळी वायर, पायात अडकणारा धोतराचा सोगा आणि मागे पट्टा नसलेली चप्पल याही पाडणाऱ्या वस्तू आहेत. काठी वापरताना तिची मूठ मनगटाच्या सुरकुतीइतकी उंच असावी, टोकाला रबर असावे आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

राहिला प्रोस्टेट. झोपण्यापूर्वी दोन-तीन तास पाणी आणि चहा कमी करावा. धार बारीक होणे, थांबत थांबत होणे, पूर्ण मोकळे न वाटणे हे लाजून लपवण्याचे विषय नाहीत, त्यावर चांगली औषधे आहेत. मात्र टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी उभे राहताना चक्कर येऊ शकते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी अशी गोळी घेतो किंवा घेत होतो, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना न विसरता सांगावे लागते, कारण शस्त्रक्रियेत बाहुली नीट विस्फारत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी पूर्ण तुंबू शकते. लघवी तुंबली तर त्याच दिवशी, आणि लघवीतून रक्त गेले तर ते दुखत नसले तरीही, दवाखाना गाठावा.

गोळ्या, सलाईन आणि एकादशी

सर्व गोळ्या, मलमे, आयुर्वेदिक चूर्णे एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा एकाच डॉक्टरांपुढे ओतावीत आणि कोणती कशासाठी, कोणती बंद करता येईल, हे विचारावे. वेगवेगळ्या दवाखान्यांतून आलेली एकच गोळी दोन नावांनी चालू असल्याचे अशा वेळी लक्षात येते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडते.

अशक्तपणा वाटला की “ताकदीची सलाईन” लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे आणि ती मोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलिलिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या माणसाच्या शरीरात हे सरळ शिरेतून घालण्यात ताकद नाही, धोका आहे. उलट्या-जुलाबाने शरीर कोरडे पडले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सलाईन हे औषधच आहे.

एकादशीचा उपवास करणाऱ्या किंवा रमजानचा रोजा धरणाऱ्या मधुमेहींनी औषधाचे प्रमाण आधीच ठरवून घ्यावे लागते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर धोकादायक रीतीने उतरते. उलट साबुदाणा आणि भगर भरपूर खाल्ली तर ती चढते. उपवासाच्या दिवशीची मात्रा डॉक्टरांकडून लिहून आणावी. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत; शुद्धीवर असल्यास लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि उपवास सोडावा.

वर्षातून एकदा डोळे, कान, साखर, मूत्रपिंड आणि तळपाय तपासून घ्यावेत. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस याबद्दल विचारावे. तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्याने आरशापुढे उजेडात तोंड उघडून पाहावे : दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला अडचण असेल तर दाखवण्यास उशीर करू नये. सोडायचे ठरवले तर 1800112356 या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

एक चौकशी आजच करून ठेवावी. चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे हे पक्षाघाताचे लक्षण आहे आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. गावापासून रात्री-अपरात्री सिटी स्कॅन कोठे होतो, तेथे हे उपचार मिळतात का आणि पोहोचायला किती वेळ लागतो, हे घरातील प्रत्येकाला माहीत असावे.

चूल

पत्नीच्या निधनानंतर किंवा आजारपणात पुरुष खंगतो, त्यामागे दुःखाबरोबर ताटाची आबाळही असते. म्हणून ती धडधाकट असतानाच तिच्याकडून तीन पदार्थ शिकून घ्यावेत. कुकरच्या एका डब्यात तांदूळ, दुसऱ्यात तूरडाळ. मग पिठले : डाळीचे पीठ गार पाण्यात गुठळी न राहता कालवून ठेवावे, तेलात मोहरी, लसूण, मिरचीची फोडणी देऊन पाणी उकळावे आणि उकळत्या पाण्यात ते पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे, झाकण ठेवून पाच मिनिटांत तयार होते. तिसरे, ताकाबरोबर खायला ज्वारीच्या कण्या. भाकरी थापणे सरावाचे काम आहे, ते सावकाश जमेल. कामाचा शेवट रेग्युलेटर बंद करण्याने करावा. आपले कपडे पिळणे, अंथरूण आवरणे हेही त्यातच आले.

सातबारा, पैसा आणि कागद

मुलांच्या प्रेमापोटी किंवा आग्रहापायी हयातीतच सगळी जमीन त्यांच्या नावे करून देणाऱ्यांना पुढे औषधाच्या पैशांसाठीही हात पसरावा लागतो. राहते घर आणि जमिनीचा काही तुकडा शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर असावा. बाकीच्या वाटणीसाठी मृत्युपत्र बरे, कारण ते हयातीत केव्हाही बदलता येते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बक्षीसपत्र करायचेच असेल तर “माझा सांभाळ व औषधोपचार करावा” ही अट त्यातच स्पष्ट लिहावी. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या कायद्यातील कलम 23 नुसार अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून मागता येते, आणि निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.

सवलतींपैकी सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकास, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर (कुटुंबातील सत्तरीपुढील सर्वांना मिळून) वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. एसटीत पासष्टीनंतर अर्धे आणि पंच्याहत्तरीनंतर संपूर्ण भाडे माफ आहे. अल्प उत्पन्न असणाऱ्या पासष्टीपुढील व्यक्तींसाठी श्रावणबाळ योजनेचे मासिक अर्थसाहाय्य आहे. त्याची चौकशी तहसील कार्यालयात करावी. बँकेचे पासबुक आणि एटीएमचा आकडा स्वतःजवळच असावा, फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये, आणि फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता 1930 वर कळवावे.

माणसे

मुले पुण्या-मुंबईला, पत्नी मागे नाही, ऐकू कमी येते म्हणून पारावर जाणेही सुटले, अशा अवस्थेत माणूस हळूहळू जेवण आणि गोळ्या दोन्ही टाळू लागतो. संध्याकाळचा हरिपाठ, मशिदीतील नमाज, वाचनालय, नातवंडांचा अभ्यास यांपैकी रोज घराबाहेर काढणारे एक तरी काम ठरलेले असावे. ऐकू येत नसेल तर कानाचे यंत्र घ्यावे. चष्म्याची जशी लाज वाटत नाही तशी त्याचीही वाटण्याचे कारण नाही. दोन-तीन आठवडे झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले तर तो उपचाराने बरा होणारा आजार असू शकतो आणि जिल्हा रुग्णालयात त्यासाठी मानसोपचाराचा विभाग असतो. घरातच त्रास होत असेल किंवा कोणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठीचा 14567 हा विनामूल्य क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. तो, 108 आणि जवळच्या दोन शेजाऱ्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून खाटेजवळच्या भिंतीवर, बसल्या जागेवरून वाचता येईल इतक्या उंचीवर लावावेत.